ओटीपी न मागणारी अ‍ॅप्स

फोन हरवला कसा, यात सांगण्यासारखं फारसं नाही. जुलैतली संध्याकाळ, ठाणे स्टेशनबाहेर सॅटीसच्या पुलाखाली शेअर रिक्षाची रांग, एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी आणि भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन मांडीवर. वर्तकनगरला उतरले तेव्हा छत्री होती, डबा होता. रिक्षा तोवर वळून गेली होती. तिचा नंबर बघायची बुद्धी अर्थातच नंतर झाली.

घरी आल्या आल्या लेकीच्या फोनवरून रिंग दिली. चार वेळा वाजला, पाचव्यांदा स्विच ऑफ. माझं नशीब एवढंच की लाइटबिल भरण्यापायी माझं गूगल खातं लेकीच्या लॅपटॉपवर आधीपासून उघडं होतं. तिने गूगलचं हरवलेला फोन शोधणारं फाइंड हब उघडलं. शेवटचा ठिपका कॅडबरी जंक्शनला, सात बेचाळीस. म्हणजे मी उतरायच्याही आधीचा. तिथूनच फोन लॉक केला. मग नवऱ्याच्या फोनवरून सिम बंद करायला सांगितलं, बँकेला कळवलं. सासूबाई एकीकडे देवाजवळ दिवा लावत म्हणाल्या, "अगं, मिळेल. कुणाला तरी बुद्धी होईल." तशी कुणाला झाली नाही.

लॅपटॉप उघडा असण्याचं महत्त्व त्या रात्रीच कळलं. नव्या फोनवर गूगलमध्ये शिरायचं तर ते विचारतं, 'तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला होय म्हणा.' आणि तो फोन कॅडबरी जंक्शनला! लेकीने खात्याच्या सुरक्षिततेच्या पानावरून बॅकअप कोड काढले. आठ-आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. ते मी कागदावर उतरवून घेतले. ज्यांच्या गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी आहे त्यांनी हे काम आजच करावं, फोन हातात असताना. पुढचं वाचायचं राहिलं तरी चालेल.

सकाळी पोलीस ठाण्यात. "मॅडम, हरवला की चोरीला गेला?" या प्रश्नावर पुढचा सगळा कागद ठरतो. मी खरं ते सांगितलं, हरवला. शिक्क्याची प्रत मिळाली. अर्जात आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लागतो, पंधरा आकडी. फोन हातात असला तर *#०६# दाबून दिसतो, नसला तर खोक्यावर असतो. आमच्या घरात मिक्सरपासून घड्याळापर्यंत सगळ्यांची खोकी माळ्यावर आहेत. त्यावरून मी सासूबाईंना किती बोलले असेन! त्या दिवशी स्टुलावर चढून गपचूप खोकं काढलं. त्यात बिलही निघालं.

मग डुप्लिकेट सिम. आधार, अंगठा, फोटो. दुपारी सिम हातात पडलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा सहज म्हणाला, "चोवीस तास एसएमएस बंद राहणार हां, येणारे पण आणि जाणारे पण." कुणी दुसऱ्याच्या नावे सिम काढून ओटीपी लाटू नये म्हणून हा नियम आहे, म्हणजे माझ्याच भल्याचा. पण ओटीपी नाही म्हणजे काय नाही, हे फुटपाथवर उभी राहून मोजायला लागले तेव्हा घाम फुटला. यूपीआय नाही. व्हॉट्सअ‍ॅप नाही. बँक नाही. आधार नाही. नवऱ्याने दिलेली पाचशेची नोट घेऊन रिक्षात बसले. मीटर सव्वीसच्या पुढे सरकलासुद्धा नाही, आणि रिक्षावाले दादा म्हणाले, "ताई, सुट्टे द्या नाहीतर स्कॅन करा." दोन्ही नव्हतं. शेवटी नाक्यावर वडापाव घेऊन नोट मोडली.

संध्याकाळी गोखले रोडवरून नवा फोन आणला. चालू केला तसा त्याने विचारलं, जुन्या बॅकअपवरून सगळं आणू का? लेकीचा अंगठा बटणाकडे निघालाच होता. "थांब, यादी दाखव आधी," म्हटलं. एकशे सत्तावीस अ‍ॅप्स. ती मोठ्याने वाचत गेली. खरेदीची सहा. जेवण मागवायची तीन. फोटो सुंदर करायची चार. पाणी प्यायची आठवण करणारं एक. "आई, यातली निम्मी तुला ओळखू तरी येतात का?" नाही येत. म्हटलं, कोरा राहू दे फोन. ज्या अ‍ॅपला हात शोधेल ते त्या क्षणी घ्यायचं. आधी नाही.

त्यात हा चोवीस तासांचा उपास. त्यामुळे शनिवार दुपारपर्यंत माझ्या फोनमध्ये फक्त तीच अ‍ॅप्स येऊ शकली जी नंबर न विचारता आत घेतात. मला आवडणारी जवळजवळ सगळी याच पंक्तीतली निघाली, हे माझं मलाच नवीन होतं.

पहिलं अर्थात एम-इंडिकेटर, लोकलच्या वेळापत्रकाचं. सचिन टेके यांनी ते बनवलं तेव्हा आपल्याकडे बटणांचे फोन होते. २०१० पासून, म्हणजे माझी लेक बालवाडीत होती तेव्हापासून, ते माझ्यासोबत आहे. दिसायला आजही काही फार देखणं नाही. पण नेट नसलं तरी वेळापत्रक उघडतं. मी रोज ठाण्याहून घणसोलीला जाते, ट्रान्स-हार्बरच्या लोकलने. नऊ-दहा नंबरच्या फलाटावर पोचेपर्यंत गाडी गेली तर पुढची पनवेल आहे की वाशी, नेरूळ, आणि पूल उतरताना धावायचं की नाही, हा निर्णय त्या पडद्यावर बघून होतो. रविवारचा मेगाब्लॉकही तिथेच कळतो. शुक्रवारी रात्री ते घेतलं आणि नवा फोन माझा वाटायला लागला.

पास मात्र कागदी होता, गळ्यातल्या आयकार्डामागे. डब्यातल्या मैत्रिणी त्यावरून हसायच्या. या वेळी मी हसून घेतलं.

दुसरं लिचेस, बुद्धिबळाचं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या जुलैत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरी बुद्धिबळाचा पट माळ्यावरून खाली आला. (खोक्यासकट.) लेकीचा उत्साह पंधरा दिवसांत संपला, माझा राहिला. लिचेसवर एकही जाहिरात नाही, पैसे नाहीत, देणग्यांवर चालतं. खातं न उघडताही कोडी सोडवता येतात. ऐरोली ते घणसोली दोन कोडी होतात. रबाळेला गाडी अडली तर तिसरं. मी चांगली खेळते असं नाही. पण गर्दीत उभ्याने कुणाचा व्हिडिओ बघण्यापेक्षा घोडा कुठे नाचवायचा याचा विचार केला की ऑफिसात शिरताना डोकं जागं असतं.

तिसरं मर्लिन, आणि याच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं हे अ‍ॅप. फोन खिडकीत धरायचा. पडद्यावर आवाजाची करडी नक्षी सरकत राहते आणि ज्या पक्ष्याचा आवाज ओळखू आला त्याचं नाव उमटतं. तोच पुन्हा बोलला की त्याच नावाची ओळ पिवळी होते. भारताचा संच एकदा उतरवून घेतला की नेट लागत नाही, म्हणून येऊरच्या रानात रेंज गेली तरी चालतं. आमच्या मागच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात धुक्याने नसतो, तरी आवाज येतात.

शनिवारी पहाटे पाचला मी फोन खिडकीत धरून उभी. दयाळ, शिंपी, भारद्वाज पटापट उमटले. मागून सासूबाई आल्या. "कोण बोलतंय तिकडे?" "आई, पक्षी ओळखतंय हे." तेवढ्यात डोंगराकडून तो चढत जाणारा आवाज आला, एकेका हाकेने वर वर जाणारा, मध्येच तुटणारा. मर्लिनची नक्षी सरकतेय, नाव काही येईना. पावसाचा आवाज त्यात मिसळत होता. सासूबाई म्हणाल्या, "पावशा आहे गं. पेरते व्हा, पेरते व्हा म्हणतोय. याला यंत्र कशाला?" त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, संगमेश्वरच्या. मग कुठे पडद्यावर इंग्रजी नाव आलं, चांगली अर्ध्या मिनिटाने. सासूबाईंचा विजय इतका निर्विवाद होता की त्या दिवसापासून त्या स्वतःच मला उठवतात: चल, तुझ्या फोनची परीक्षा घेऊ. तांबटाला मात्र मर्लिन त्यांच्या आधी ओळखतं. त्यांना टुकटुक ऐकू येतं पण ते पंपाचं वाटतं.

त्यांच्याचसाठी चौथं घेतलं, आकाशवाणीचं न्यूजऑनएअर. रत्नागिरी केंद्र ठाण्यात रेडिओवर लागत नाही, यावर लागतं. एवढंच कारण, आणि पुरेसं.

शनिवारी दुपारी एसएमएसचं धरण फुटलं. आता सगळे जरुरीचे, नंबर विचारणारे.

सरकारच्या संचार साथीवर सीईआयआर म्हणून हरवलेले फोन बंद करायची सोय आहे, तिथून जुना फोन ब्लॉक केला. पोलिसांच्या कागदाचा फोटो, बिल, आयएमईआय, नंबरवर ओटीपी, की अर्जाचा क्रमांक मिळतो. मग तो फोन कुठलंही सिम घातलं तरी देशात चालत नाही. फोन सापडलाच तर त्याच क्रमांकाने मोकळा करता येतो, म्हणून तो जपायचा.

यूपीआय दोन वेळा फसलं. नोंदणी करताना फोन आपल्याच सिमवरून एक एसएमएस पाठवतो, हे मला माहीत होतं. माझ्या रिचार्जमध्ये एसएमएस नव्हतेच हे माहीत नव्हतं, आणि शिल्लक शून्य. दहा रुपये टाकले तेव्हा गाडी पुढे गेली. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख, पिन. नव्या फोनवर पहिले चोवीस तास पाच हजारांचीच मर्यादा, तेव्हा मोठं देणं असेल तर आधी विचार करून ठेवावा. मला भाजीवालीचे चाळीस द्यायचे होते. "ताई, दोन दिवस कुठं होता?" तिने विचारलं, आणि पैसे आल्याचा आवाज झाला तेव्हा आम्ही दोघी हसलो.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवलेला, आणि घरचं वायफाय मध्यंतरी तीन आठवडे बंद. त्यामुळे मधले एकोणीस दिवस गेले ते गेले. त्यात सासूबाईंच्या गुडघ्याच्या व्यायामाची चित्रं होती, ती डॉक्टरांकडून पुन्हा मागवली. बाकी त्या एकोणीस दिवसांत काय होतं ते आठवतही नाही. आमच्या आठ-एकोणीसच्या गाडीच्या ग्रुपवर मात्र चारशे मेसेज थांबले होते. त्यातले साठेक 'हिचा फोन का लागत नाही' असे.

कामं लिहायला माझ्याकडे पूर्वी तीन अ‍ॅप्स होती, रंगीत चौकटींची. त्यातलं एकही परत आलं नाही. आता व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज टाकते: 'चक्की, गॅस, जीएसटी रिटर्न'. झालं की खोडते. घरची सामानाची यादी गूगल कीपवर, कारण ती नवऱ्यालाही दिसते. निदान 'मला कुठे सांगितलंस' हे वाक्य तरी बंद झालं.

सरकारी कागदपत्रं ठेवायच्या डिजिलॉकरला आधारचा ओटीपी लागला. एकदा तीन हात नाक्यावर स्कूटर अडवली तेव्हा लायसन्स त्यातूनच दाखवलं. २०१८ पासून ते मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. पण पावसात ओल्या बोटाने पडदा ऐकत नाही, तेव्हा आरसी बुकाची एक झेरॉक्स डिकीत असतेच. रेल्वेच्या तिकिटांचं रेलवन सगळ्यात उशिरा आलं, महिन्याच्या शेवटी, दादरला लग्नाच्या खरेदीला जाताना. फलाटावर उभं राहून त्यावर तिकीट निघत नाही, स्टेशनापासून जरा लांब असावं लागतं. हे लक्षात न आल्याने पुन्हा पूल चढून रस्त्यावर गेले आणि रांगेत उभी राहिले असते तर लवकर झालं असतं असं स्वतःला सांगितलं.

महिनाभराने मोजलं तर मी घेतलेली अ‍ॅप्स चोवीस भरली. ध्यानाचं अ‍ॅप, ज्याचे वर्षाचे पैसे भरले होते आणि मी अकरा वेळा उघडलं होतं, ते हाताने शोधलं नाही. पावलं मोजणारंही नाही. स्टेशनचे पूल मीच मोजते. खरेदीचं एक त्यानंतर आलं, दिवाळीच्या आधी, आणि दिवाळीनंतर काढलं. लेकीचं म्हणणं, हे सगळं नवलाईचं आहे, सहा महिन्यांत पुन्हा शंभर होतील. असेल.

बॅकअपच्या कोडांचा कागद आता लोखंडी कपाटात रेशनकार्डाच्या आत आहे. सीईआयआरचा क्रमांक त्याच्याच मागे लिहिलाय. अधूनमधून फाइंड हब उघडून बघते. तो ठिपका अजून कॅडबरी जंक्शनलाच आहे, सात बेचाळीसचा. रिक्षा तिथून वळते तेव्हा मान आपोआप डावीकडे जाते.