अर्धा गुण

२८ जुलै २०२५, पहिला श्रावणी सोमवार

आज बुद्धिबळाच्या क्लासला कुणी धड खेळलंच नाही. पट मांडलेले तसेच, आणि सातही पोरं माझ्या मोबाइलवर ओणवी. जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीची कोंडी फोडणारा टायब्रेक, आपली नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हम्पी. शनिवार-रविवारचे डाव बरोबरीत, आजचा पहिला रॅपिड, म्हणजे जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. एन्डगेममध्ये, थोडीच मोहरी उरली असताना, हम्पी चुकली आणि हरली. दिव्या आईच्या गळ्यात पडून रडत होती तेव्हा पोरं बाकावर चढून ओरडत होती. मला मात्र हम्पीचंही वाईट वाटलं. २००२ मध्ये ती ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्या जन्मलीही नव्हती.

ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वांत वरचा किताब. तो मिळवायला तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांमधल्या ठरावीक दर्जाच्या कामगिऱ्या, आणि २५०० रेटिंग लागतं. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. हा चषक जिंकला की किताब थेट मिळतो, म्हणून ती आज १९ व्या वर्षी भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

माझं घोडं अडलं ते अर्ध्या गुणावर. तेही ग्रँडमास्टर नव्हे, त्याच्या खालच्या इंटरनॅशनल मास्टर किताबाच्या एका नॉर्मसाठी. शेवटची फेरी, बरोबरी पुरेशी होती. हत्तीचं एन्डगेम, मी एका प्याद्याने मागे. फिलिडोरचा बचाव मला झोपेतही येत होता: हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर धरायचा, समोरचं प्यादं त्या ओळीवर आलं की मगच मागे जाऊन शह देत राहायचे. मी एक चाल आधीच हत्ती काढला. का, ते आजवर उमगलेलं नाही. त्या रात्री पॅसेंजरमध्ये, दाराशी बसून, खिशातली त्या डावाच्या चालींची स्कोअरशीट वीसेक वेळा तरी वाचली असेल. पुढच्या वर्षी खेळाडू कोट्यातून बँकेत लागलो. घरचे खूश होते. खरं तर मीही.

सगळे गेल्यावर धाकटी रेंगाळली. "सर, म्हणजे आता नॉर्म लागत नाहीत?"

"लागतात गं. विश्वचषक जिंकलास तर नाही."

तिला तीच पोझिशन लावून दिली. उपास सोडायला घरी खोळंबले होते, दोनदा फोन येऊन गेला. तिने बराच वेळ पटाकडे पाहिलं आणि हत्ती उचलला. प्यादं अजून पुढे आलं नव्हतं.

"परत लाव," म्हटलं.