बहिणाईच्या घरी, मावशीबरोबर

मावशीचा सगळा संसार जळगावात झाला, पण कवयित्री बहिणाबाई चौधरींचं घर तिने पाहिलं नव्हतं. यंदा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, गेलो तेव्हा तीच म्हणाली, "चाल, जुन्या गावात जाऊन येऊ."

रिक्षा गल्लीबोळांतून चौधरी वाड्यापाशी थांबली. लग्न होऊन बहिणाबाई आसोद्याहून इथे आल्या, तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. भवरलाल आणि कांताबाई जैन फाउंडेशनने हे घर 'बहिणाई स्मृती' म्हणून जपलं आहे. आत रोजच्या वापरातली भांडीकुंडी, शेतीची अवजारं. तंबोरा नाही, तबला नाही. तरी माझ्या लेखी हे गाण्याचंच संग्रहालय आहे. अक्षरओळख नसलेली बाई काम करता करता गात गेली आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी ते टिपत गेले. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली. पुस्तक आलं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह.

मावशी भांड्यांपुढे उभी राहिली ती हलेचना. "हे त माह्या मायचंच घर," म्हणाली आणि हळूच आखाजीचं झोक्यावरचं गाणं गुणगुणायला लागली. शाळेच्या गणवेशातल्या मुली आल्या होत्या, त्या वळून पाहू लागल्या. एकीने तर चक्क पुढची ओळ उचलली! "माझी आजी म्हणते," ती लाजत म्हणाली. मावशीने तिला जवळ ओढून घेतलं.

मी शाळेत 'मले', 'तुले' म्हटलं की वर्ग हसायचा. घरची लेवा गणबोली तेव्हापासून मी घराच्या उंबऱ्याआतच ठेवली. इथे त्याच बोलीतली गाणी ऐकायला लांबून माणसं येतात. इथल्या विद्यापीठालाही २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. त्या मुलीला आपल्या आजीची बोली लपवावीशी वाटणार नाही, एवढं या घराने केलं तरी मला फार मोठं वाटतं.

संध्याकाळी मावशीने माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं. खुंटा नवा ठोकला, मूठभर हरभरे वैरले. पहिले दोन फेरे नुसती घरघर. मग हात लागला, फेऱ्याला लय आली आणि त्या लयीत ओवी आपोआप बसली. खुंटा छातीशी येताना शब्द, लांब जाताना सूर. खुंटा हातात धरला तेव्हा कळलं, ओवीचा ताल दगडातच असतो.

मी मोबाइलवर तीन ओव्या रेकॉर्ड केल्या. चौथीला मावशी मध्येच अडली. पुन्हा सुरुवातीपासून म्हणून पाहिली, पुन्हा तिथेच अडली. मग पदराला हात पुसत उठली.

"थांब, शेजारच्या बाईले इचारून येते."

परत आली ती तिघींना घेऊन.