पूर्वेस आग्रा सडक, उत्तरेस नाला

धुळ्याचा इतिहास सांगायला बसलं की माणूस थेट इंग्रज अंमलदार कॅप्टन ब्रिग्जपासून सुरू करतो. आमच्या वलवाडीच्या वाट्याला असा कुणी साहेब आला नाही. पांझरा नदीच्या अलीकडे धुळं, पलीकडे देवपूर, आणि देवपूर संपलं की आम्ही. २०१८ साली हद्दवाढ झाली तेव्हा महिंदळे, नकाणे, अवधान अशी अकरा गावं महापालिकेत आली, त्यात आम्हीही आलो. तोवर आमची ग्रामपंचायत होती. इतिहास म्हणून वर्तमानपत्रात छापून आलं ते एवढंच.

मी मात्र जन्मभर दस्तलेखनाचं काम केलं. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र. त्यामुळे गावाचा इतिहास कुठे असतो असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: चतुःसीमेत. दस्ताच्या मधोमध चार ओळी असतात, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस, उत्तरेस. पक्षकार त्या कधी वाचत नाहीत. रक्कम वाचतात, नावात काना-मात्रा बरोबर आहे का ते बघतात, आणि सही ठोकतात.

जुन्या दस्ताची सुरुवातच बघण्यासारखी. 'तुकडी जिल्हा पश्चिम खानदेश, पोटतुकडी तालुका धुळे'. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, पश्चिमेचं ठाणं धुळं. पश्चिम खानदेश हे नाव कागदावरून जाऊन आता साठ वर्षं झाली, तरी आमच्या आबांच्या पिढीतले लोक 'वेस्ट खानदेश' म्हणायचे, तेही ऐटीत. त्याखाली बादशहाच्या तोंडाचा स्टॅम्प, बोरूचं काळं अक्षर, आणि शेवटी विकणाऱ्याची 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. त्या अंगठ्यातल्या रेघा नीट बघितल्या तर मध्ये एक आडवी चीर दिसते. विळ्याने कापलेलं असतं कधीतरी. असल्या चिरा मी कितीतरी दस्तांवर पाहिल्या. आता बायोमेट्रिक मशीनवर असा अंगठा आला की मशीन नाही म्हणतं.

आमच्या घरच्या खरेदीखतात आबांच्या शेताची चतुःसीमा अशी आहे: पूर्वेस आग्रा सडक, पश्चिमेस भाऊबंदाचं शेत, दक्षिणेस देवीकडे जाणारी गाडवाट, उत्तरेस नाला. शेताची सारी कुंडली या चार ओळींत आली. आग्रा सडक म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता. धुळ्यातून निघून पांझरा ओलांडून देवपुरातून तो सोनगीर, शिरपूरकडे जातो. देवी म्हणजे नदीकाठची एकवीरा. खानदेशात कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता, पोरांची जावळं तिथेच काढायची. चैत्रातल्या यात्रेला बैलगाड्या याच वाटेने जायच्या, म्हणून शेत विकताना गाडवाट सोडून विकायचं. तशी अटच दस्तात घातलेली आहे. शेवटी ते नेहमीचं कलम, 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेपासह'. निधी कधी कुणाच्या शेतात निघाल्याचं ऐकिवात नाही. पाषाण मात्र भरपूर.

धुळ्याच्या बाजूचे जुने कागद पाहिले की फरक लगेच कळतो. तिकडे सीमेला 'पाट' येतो आणि जमिनीपुढे 'पाटस्थळ' असं लिहिलेलं असतं. विहिरीवरची असेल तर 'मोटस्थळ'. पांझरेवरची बंधाऱ्यांची आणि फडांची पद्धत इंग्रजांच्या कितीतरी आधीची. नदीला बंधारा घालायचा, पाटाने पाणी काढायचं, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. ऊस तर सगळा ऊस. कुणाला किती वेळ पाणी ते पाटकरी ठरवणार. त्याच्याशी भांडण केलं तर भांडणाऱ्याचंच पीक वाळायचं.

आणि इथे माझा त्या ब्रिग्जवाल्यांशी वाद आहे. साहेब येण्याआधी इथे काही नव्हतं असं बोललं जातं. १८०३ साली होळकरांची लूट आणि दुष्काळ यांनी धुळं ओस पडलं, हे खरं. पण पुढच्याच वर्षी विंचूरकर सरदारांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. ब्रिग्जने जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली. लांबून कारागीर आणले, सत्तावीस हजार रुपयांत इमारती उभ्या केल्या. व्यापाऱ्यांना फुकट जागा दिल्या, घर बांधायला उचलही दिली. माणूस कामाचा होता, नाही म्हणत नाही. पण त्यानेच त्या वेळच्या धुळ्याचं वर्णन काय केलंय? भोवती बागायत, आणि पाट व नदी यांच्यामध्ये कोंडलेलं छोटं गाव. म्हणजे त्याला पाट आयता मिळाला, बागायत आयती मिळाली. पाणी होतं म्हणून त्याने ही जागा धरली. साहेबाचं नाव राहिलं, पाटकऱ्याचं कुणाला माहीत नाही.

नदीने हिशेबही चुकता केला. १८७२ च्या पुरात धुळ्यातली घरं आणि मालमत्ता यांचं मोठं नुकसान झालं. आबा त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले, तरी 'नदीले पूर उना व्हता' असं सांगायचे की जणू स्वतः काठावर उभे होते.

आता आबांच्या शेतात प्लॉट पडलेत. बिनशेती झाली, लेआउट मंजूर झाला. त्यातल्या काही प्लॉटांचे दस्त मीच लिहिले. चतुःसीमा: पूर्वेस कॉलनी रस्ता, पश्चिमेस प्लॉट नंबर १४, दक्षिणेस प्लॉट नंबर १९, उत्तरेस कॉलनी रस्ता. सडक गेली, देवी गेली, गाडवाट गेली. कायद्याने त्यात चूक काहीच नाही. फक्त नाल्याला कुणी कळवलेलं नाही. श्रावणात एक रात्र जोराचा पाऊस झाला की उत्तरेकडच्या ओळीतल्या घरांत पाणी शिरतं आणि लोक म्हणतात, गटार तुंबली. गटार कसली? पाणी जुन्या दस्ताप्रमाणे चाललंय.

म्हणून आमच्याकडे प्लॉट बघायला येणाऱ्यांना मी सांगतो, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्याच, पण मूळ शेताचं खरेदीखतही मागा. त्यातली उत्तर-दक्षिण वाचा, मग किंमत बोला.

इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी दारोदार फिरले आणि अखेर १९२६ साली आमच्या धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे, तिथली दप्तरं जपून ठेवलेली आहेत. घरोघरच्या ट्रंका मात्र दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. तेव्हा वलवाडी-देवपूरकडच्या मंडळींना विनंती, रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती पिवळी भेंडोळी माझ्याकडे आणा. मोडीतलं असेल तर वाचणारा गाठून देतो. लिखणावळ घेणं बंद केलंय, चहा चालतो. साखर कमी.