वजीर मागणारं प्यादं आणि चार मोहऱ्यांचं कोडं

"आधी शह बघा, मग मारामारी, मग धमकी." बुद्धिबळाच्या क्लासमध्ये घोकून घेतलेल्या या मंत्राचा मला अजून राग आहे. रोजची कोडी त्याने सुटतात. हे सुटत नाही, कारण इथली पहिली खेळी साधी प्याद्याची आहे आणि शेवटची कुणाच्या मनातच येत नाही.

पांढरा राजा बी६ (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा), प्यादं सी६. काळा राजा ए१, हत्ती डी५. पांढऱ्याची खेळी, जिंकायचंय. गिरगावातल्या मामांनी कागदावर पेन्सिलने पट काढून दिला आणि बजावलं, "मोबाईलला विचारायचं नाही हं." चर्नी रोडला बोरिवली स्लो लोकलमध्ये चढले, तेव्हा कागद धरायला हात मोकळा नव्हता. पण चार मोहरी डोक्यात मावतात.

दादर येईपर्यंत सुरुवात जमली. प्यादं सी७. हत्ती डी६ वर येऊन शह देतो. राजा बी५ ला न्यायचा. सी५ ला नेला तर हत्ती डी१ वर जातो, आणि प्यादं शेवटच्या ओळीत पोचून त्याचा वजीर झाला की हत्ती सी१ वरून शह देऊन तो वजीर मारतो. पुढे हत्ती शह देत राहतो आणि राजा बी४, बी३ असा उतरत सी२ वर पोचतो. आता काळ्याकडे कामाचा शह नाही. प्यादं वजीर होणार, संपलं.

पण काळा हत्ती डी४ वर येतो, आणि मी इथेच अडकले. सी८ वर वजीर केला की हत्ती सी४ वर शह देतो. मारला नाही तर वजीर जातो. मारला तर काळ्या राजाला हलायला घर नाही आणि शहही नाही: स्टेलमेट, डाव बरोबरीत. बांद्रा गेलं, अंधेरी गेलं, मी राजाच हलवून बघत होते. प्रत्येक वाट बरोबरीतच संपायची. १८९५ मध्ये ग्लासगोच्या वर्तमानपत्रात या मांडणीचं मूळ रूप आलं तेव्हा तेही बरोबरीचं म्हणूनच छापलं होतं! जिंकणारी खेळी शोधली साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने.

एक सांगायचं राहिलं. स्टेलमेट दिसला की काळ्या राजाची घरं एकेक करून मोजा, आणि प्रत्येक घर कोण अडवतंय ते बघा. बी१ आणि बी२ माझा राजा अडवत होता. ए२ मात्र सी४ वरचा वजीर तिरका अडवत होता. म्हणजे तिरका न चालणारा मोहरा हवा. हत्ती! शेवटच्या ओळीत प्याद्याचा वजीरच करावा असं नाही, हत्ती करायचा. गोरेगावला हे सुचलं आणि मी गर्दीत मोठ्याने "हत्ती" म्हणाले. इतका आनंद परीक्षेच्या निकालानेही दिला नव्हता.

आता ए८ वर मात करण्याची धमकी आहे. काळा हत्ती ए४ वर आला तर राजा बी३: हत्तीही माराखाली आणि सी१ वर मातही. दोन्ही वाचत नाहीत. आणि त्याने पुन्हा सी४ वर शह दिलाच, तर बिनधास्त मारा. राजाला ए२ हे एकच घर उरतं. तो तिथे गेला की हत्ती ए४. मात.