पानातला भात आणि अंगणातला राजगड

आज दुपारी माझ्या पानात पडलेला भात फ्लॉवरचा होता. सूनबाईने गड्डा किसून, त्याला मीठ लावून, फडक्यात घट्ट पिळून त्याचे पाणी काढले होते आणि मग तुपाजिऱ्याच्या फोडणीवर झाकण न ठेवता तो परतला होता. म्हणजे निगुतीत कुठे कसर नव्हती. दिसायला तो कणीच्या भातासारखाच दिसत होता. मी वर आमटी घेतली, तर ती त्याच्या अंगाला लागेना. सगळी आमटी कडेने ओघळून ताटाच्या काठाशी थांबली आणि मधले पांढरे दाणे तसेच राहिले. बोटांनी कालवायला गेलो तर घास वळेना. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती विचारत होती, “बाबा, जमलाय काय हो?” मी “चांगला झालाय” म्हटले, पान संपवले आणि हात धुतले. तेव्हापासून मनाला काहीतरी लागून राहिले आहे, आणि ते नेमके काय आहे हे लिहायला बसल्याशिवाय मला उमगणार नाही.

राग आलेला नाही, हे आधी लिहून ठेवतो. डॉक्टरांनी जे सांगितले ते सर्वांसमक्ष सांगितले होते आणि त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. रक्तातल्या साखरेची ती तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी (एचबीए१सी) साडेसहा टक्के किंवा त्याहून वर गेली की मधुमेह धरतात, आणि माझा आकडा साडेसहाच्या बराच पुढे आहे. तेव्हा भात, पोळी, भाकरी, पोहे, बटाटा हे सारे कमी करणे ओघानेच आले. हे मी ऐकले, समजून घेतले आणि मान्यही केले. दुखले ते वेगळेच कुठेतरी, आणि दुपारभर मी त्याच जागी पुन्हा पुन्हा जातो आहे: भात नको म्हणून माझ्या पानात भातासारखे काहीतरी ठेवले गेले, आणि ते मी भात समजून खावे अशी अपेक्षा होती.

ज्याचा जन्म आमच्या बेळगाव भागात गेला त्याला भाताचे वेगळे सांगायला नको. सकाळी पेज, आठवड्यातून आंबोळ्या, दोन्ही वेळेला भात, आजारात मऊ भात आणि सणाला साखरभात. खानापूरच्या बाजूला आता सुगी सुरू होईल, नवे तांदूळ येतील, आणि नव्या इंद्रायणीचा पहिला भात शिजताना जो वास माजघरापर्यंत येतो, तो यंदा इतरांसाठी येईल. हे वाण १९८७ साली मावळातल्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून दिले (आपले शहापूरशेजारचे वडगाव ते नव्हे), पण आमच्या पाण्याला ते असे मानवले की आता ते इथलेच झाले आहे. बोटाला किंचित चिकटणारा, आमटी पोटात घेणारा हा भात. त्यात दिवाळी तोंडावर. घरोघरी चकल्यांच्या भाजण्या दळून आल्या आहेत, आक्काकडून दुधाचा कुंदा यायचा आहे, आणि या सगळ्यात माझ्या वाट्याला किसलेला फ्लॉवर. संध्याकाळपर्यंत माझी स्वतःबद्दलची कीव अशी वाढत गेली, की आपण या घरच्या पंक्तीतून उठवले गेलो आहोत असेच मला वाटू लागले. थोरल्याचा फोन आला तोही मी घेतला नाही.

मग पोरे आली आणि मला अंगणात जावे लागले, कारण यंदाच्या किल्ल्याचे काम निम्म्यावर आहे. तिथे चिखलात हात घातल्यावर दुपारचा प्रश्न उलटा होऊन माझ्यासमोर उभा राहिला. पानातल्या भाताची नक्कल मला सहन झाली नाही. आणि इथे दर दिवाळीला मी स्वतः नक्कल करत बसतो, ती बघायला गल्लीगल्लीतून लोक येतात, आणि माझा ऊर भरून येतो. मग एक नक्कल जिवाला एवढी लागते आणि दुसरी एवढी सुख देते, हे कसे?

यंदा राजगड आहे. पोरांना रायगड हवा होता, पण राजगडाची रचना मातीत उतरवायला मला जास्त मोलाची वाटते: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्यावर उठलेला बालेकिल्ला. फोटो बघून किल्ला करायचा नाही, असे मी त्यांना पहिल्यापासून सांगत आलो आहे, कारण फोटोत एकच बाजू येते आणि मग मागची बाजू पोरे मनाने रचतात. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा घ्यावा. दोन हजाराला एक हे प्रमाण धरले की जमिनीवरचा एक किलोमीटर अंगणात ५० सेंटिमीटर होतो आणि २० मीटरची उंची एक सेंटिमीटर. पण उंचीला हेच प्रमाण ठेवले तर डोंगर बसका दिसतो. डोंगर आपण पायथ्याला उभे राहून मान वर करून पाहिलेला असतो, आणि अंगणातला किल्ला वरून पाहायचा असतो. म्हणून उंची दुप्पट धरायची: जुन्या खोक्यांचे पुठ्ठे चिकटवून दोन सेंटिमीटरचा एक थर करायचा, प्रत्येक समोच्च रेषेबरहुकूम तो कापायचा आणि थरावर थर रचायचे. खाली विटा आणि दगड, वर गोणपाट पातळ चिखलात बुडवून पसरायचे, आणि ते आवळून आल्यावरच जाड मातीचा हात द्यायचा.

माती तांबडी हवी. बैलहोंगलकडची काळी माती दिसायला सकस असते, पण ती ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते, आणि दुसऱ्या दिवशी माचीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तांबड्या मातीत भाताचे तूस मिसळले की ती धरून राहते. तट आणि पायऱ्या माती अर्धी सुकल्यावर, चाकूने रेघ मारली तर कड तुटत नाही अशा वेळी कोराव्यात. संजीवनी माचीची चिलखती तटबंदी, म्हणजे एका तटाच्या आत दुसरा तट आणि मधून अरुंद वाट, ही ओल्या मातीत कधीच साधत नाही. आणि अळीव शेवटी. ते पाण्यात भिजवले की त्यांच्यावर बुळबुळीत साय येते, त्या सायीमुळे ते उभ्या उतारालाही चिकटून बसतात आणि दोन-तीन दिवसांत हिरवे कोंब दिसू लागतात. मोहरी मात्र उतारावरून घरंगळते. पाणी पिचकारीने धुक्यासारखे मारायचे, तांब्याने ओतले की माची खाली येते.

हे सगळे चालले असताना पोरांतला धाकटा एक मावळा घेऊन आला आणि म्हणाला, “आजोबा, हा दरवाजातून आत जाईना की!” कसा जाईल? प्रमाणात बसवायचा तर मावळा एक मिलिमीटरपेक्षाही लहान व्हायला हवा, आणि बाजारातला मावळा चांगला वीतभर. सुवेळा माचीचे नेढेही खऱ्या मापाने काही मिलिमीटरचे भोक होईल, पण आम्ही अंगठा जाईल एवढे ठेवले आहे, कारण त्यातून पलीकडचा उजेड दिसला नाही तर त्या माचीला अर्थ नाही. म्हणजे नकलेत आम्ही काही गोष्टी मुद्दाम खोट्या ठेवतो, आणि त्या खोट्या आहेत हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. काय राखायचे आणि काय सोडायचे हे आम्ही बसून ठरवलेले असते.

पहिल्यांदा मला वाटले की फरक एवढाच असेल: राजगड इथे आणता येत नाही म्हणून त्याची प्रतिकृती करायची, भात तर घरात आहे. पण हे उत्तर टिकले नाही, कारण आता माझ्यासाठी भातही राजगडाइतकाच लांब गेला आहे. उलट राजगड तर एका रात्रीच्या प्रवासावर आहे. मागे ज्या पोरांनी प्रतापगड केला ती पुढे प्रतापगडावर जाऊन आली, आणि परत येऊन आपला बुरूज कुठे चुकला होता ते मला दाखवू लागली. प्रतिकृतीने त्यांना मूळ किल्ल्याकडे नेले. फ्लॉवरचा भात मला भाताकडे नेत नाही, तो मला प्रत्येक घासाला सांगतो की हा भात नाही. इथे मला थोडे हायसे वाटले, कारण दुखणे कुठे आहे ते सापडल्यासारखे झाले. त्या फ्लॉवरमध्ये भाताचा पांढरा रंग आणि बारीक दाणा राखला गेला होता, आणि मला हवे ते, म्हणजे आमटी धरणे, बोटांत घास वळणे आणि तो वास, ते सारे सुटले होते. काय राखायचे हे ठरवताना मला कोणी विचारले नव्हते. बस, एवढेच. एवढेसे कळायला संध्याकाळ गेली, पण कळल्यावर फ्लॉवरवरचा माझा सगळा आकस निघून गेला.

रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो आणि सूनबाईशी बोललो. तेव्हा कळले की आज तिनेही भात घेतला नव्हता. उरलेला फ्लॉवरच तिने आमटीबरोबर खाल्ला होता. “तुम्हाला वाढायचं तर मी खाऊन बघायला नको काय हो?” ती म्हणाली. यावर मला काही बोलता आले नाही. ते असो.

मग आम्ही आकडे घेऊन बसलो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात आणि शंभर ग्रॅम फ्लॉवरमध्ये सुमारे पाच. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदके असली की त्या आहाराला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. पन्नासच्या खाली नेण्याचा जो कडक प्रकार आहे तो डॉक्टरांनी मला सांगितलेला नाही. म्हणजे शंभर ग्रॅमची एक वाटी भात माझ्या दिवसात बसतो, फक्त त्याच्या जोडीला भाकरी बसत नाही. आक्का म्हणते की जोंधळ्याच्या भाकरीने साखर वाढत नाही. वाढते. भाकरी गव्हाच्या चपातीपेक्षा पोटाला बरी असेल, तिच्यात कोंडाही आहे, पण पन्नास ग्रॅम पिठाच्या लहान भाकरीतसुद्धा ३३-३४ ग्रॅम कर्बोदके जातात, आणि आक्काच्या हातची भाकरी लहान नसते. हे तिला कसे सांगायचे ते नंतर बघू.

जेवणाचा क्रमही ठरला. आधी काकडी किंवा पालेभाजी, मग अंडे, पनीर किंवा उसळ, आणि भात सर्वांत शेवटी. भाजी आणि प्रथिने आधी पोटात गेली की भाताची साखर रक्तात सावकाश चढते. जेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत दहा-पंधरा मिनिटे चालायचे आणि दोन तासांनी बोट टोचून आकडा लिहून ठेवायचा. फ्लॉवर यापुढे फ्लॉवर म्हणून येईल: मटार न घालता, ओले खोबरे आणि शेंगदाण्याचा कूट घालून. फ्लॉवरचा उपमा मात्र चालेल असे मीच म्हटले, कारण उपम्यात मला हवी ती फोडणी, आले, कढीपत्ता आणि वर पिळलेले लिंबू, आणि हे सगळे त्यात जसेच्या तसे राहते. बदामाच्या पिठाची भाकरीही तिला करून बघायची आहे. त्या पिठाला चिकटपणा नसल्यामुळे ती थापताना फुटते, तेव्हा त्यात थोडे इसबगोल भिजवून घालावे असे मी सुचवले. तुसाने जशी तांबडी माती धरली तसे पीठ धरेल असे वाटते. ती हसली, आणि मलाही बरे वाटले.

एक गोष्ट मी तिच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहायला लावली, कारण तिच्या माहेरीही मधुमेह आहे आणि उद्या हीच वही तिकडे जाईल. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात-भाकरी अचानक तोडली तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. हातापायांना कंप सुटतो, दरदरून घाम येतो. आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी असेल तर कर्बोदके फारच कमी केल्याने रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, तोही साखर फार वाढलेली नसताना. म्हणून आधी डॉक्टरांना विचारून औषधाचे प्रमाण ठरवायचे आणि मग ताट बदलायचे. माझ्या गोळ्यांची यादी मी पाकिटात घालून ठेवली आहे.

चकली एक, पाडव्याला. कुंद्याबद्दल अजून बोलणे झालेले नाही. तो आक्काकडून आल्यावर माझ्यासमोर डबा उघडायचा की नाही हे सूनबाईने माझ्यावर सोपवले आहे, आणि मी उघडा म्हणून सांगितले आहे. थोरल्याला सकाळी फोन करायचा आहे. संजीवनीचा आतला तट उद्या दुपारपर्यंत कोरण्याजोगा होईल, त्यामुळे अळीव आताच भिजवायचे नाहीत, परवा भिजवू.