आधी कान, मग पाटी

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून 'अ' गिरवून घेण्याची घाई फार असते. गिरवून 'अ' काढता येतो, वाचता येत नाही. बोललेला शब्द सुट्या आवाजांचा बनतो हे कानाला कळलेलं नसेल, तर अक्षर म्हणजे नुसती नक्षी.

म्हणून सुरुवात टाळ्यांनी करावी. 'टोपी'ला दोन, 'बाहुली'ला तीन. रोज पाच-सात शब्द, पाच मिनिटं, बास. ते जमलं की पहिला आवाज: "मासा, मोर, मांजर, टोपी... यातलं वेगळं कोण?" स, श, म, न, ल यांच्यापासून सुरुवात सोपी जाते, कारण ते लांबवता येतात. 'स्स्साबण' म्हणता येतं; 'ट' तसा ताणताच येत नाही.

यात एक ठेच हमखास लागते. 'कमळ'ला मूल दोनच टाळ्या वाजवतं, क-मळ. ताई म्हणतात, "चुकलं, तीन अक्षरं आहेत ना?" मूल चुकलेलं नसतं. बोलताना शेवटचा 'ळ' पाय मोडल्यासारखाच येतो; तिसरं अक्षर कागदावर आहे, तोंडात नाही. अशा वेळी टोकलं की मूल कानावरचा भरवसा सोडतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत टाळ्या वाजवू लागतं. सुरुवातीला 'ससा', 'गाडी', 'पाकोळी' असे शब्द घ्यावेत, म्हणजे प्रश्नच येत नाही. आणि बरेच आठवडे खेळूनही आवाज वेगळे कळत नसतील, तर आधी कान तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठून ऐकू कमी येऊ शकतं, आणि आपण त्याला 'लक्षच नाही' म्हणत राहतो.

अक्षरं मुळाक्षरांच्या क्रमाने शिकवण्यात मला तरी फायदा दिसत नाही. 'क ख ग घ' एवढ्यावर वाचण्याजोगे शब्द कितीसे होणार? क, म, न, र, ल आणि काना एवढंच घ्या: नाक, कान, मान, काम, लाल, रान, कमान. पहिल्याच काही आठवड्यांत मूल खरे शब्द वाचतं. त्याच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मात्र क्रमात नसलं तरी आधी द्यावं. घ-ध आणि म-भ या जोड्या एकत्र आणू नयेत. एक पक्कं झाल्यावर दुसरं, आणि तेव्हा बोट ठेवून दाखवायचं: 'ध' आणि 'भ' यांची डोक्यावरची रेघ तुटलेली असते, 'घ' आणि 'म' यांची सलग. पहिली वेलांटी शेवटी ठेवा. 'कि'मध्ये ती आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. डावीकडून वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाचा तिथे गोंधळ होणारच.

गोष्टीचं पुस्तक रोज दहा मिनिटं, आणि तेच पुस्तक चार-पाच दिवस. पहिल्या दिवशी नुसतं वाचा, ओळीखाली बोट फिरवत. नंतर थांबून विचारा, "आता हा काय करेल?" आणि मनात पाचपर्यंत मोजा; बहुतेक मोठी माणसं दोनलाच उत्तर देऊन टाकतात. मूल "कुत्रा पळाला" म्हणालं, तर "हो, काळा कुत्रा घाबरून पलंगाखाली पळाला" असं त्याचंच वाक्य वाढवून परत द्या. "म्हण बरं माझ्यामागून" नको. शब्दसंपत्ती वाढते ती अशा बोलण्यातून. पाठ केलेल्या फळाफुलांच्या नावांनी फारशी वाढत नाही.

लिहिणं सगळ्यात शेवटी. भिंतीला मोठा कागद लावा आणि मुलाला उभ्याने रेघोट्या मारू द्या. खांदा आणि मनगट त्यातून तयार होतं. खडू जाड आणि तीन-चार सेंटिमीटरचा तुकडाच द्यावा. लांब खडू मूल मुठीत धरतं. तुकडा मुठीला पुरत नाही, तीन बोटं आपोआप पुढे येतात. या वयात अक्षर अधूनमधून उलटं निघतंच. ते खोडू नका, शेजारी सुलट काढून ठेवा.