ट्रॉली मिळाली, नंबर मिळेना

कुंपणाच्या धंद्यासाठी कसली ट्रॉली घ्यावी, असं आता चौघं तरी मला विचारून गेलेत. मी त्यांना आधी उलट विचारतो, चेसी नंबर, म्हणजे लोखंडावर ठोकलेला गाडीचा नंबर, कुठं मारलाय ते बघितलास काय? मग ते माझ्याकडं बघत बसतात. मीही असाच बघत बसलो होतो, एका आरटीओ कचेरीच्या व्हरांड्यात, ऐन सीझनमध्ये, सात आठवडे.

आमचं काम बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूर भागात. रताळ्याच्या रानात डुकरं घुसतात, जंगलाच्या कडेला गवे येतात, आणि काजूची बाग लावली की पहिल्याच वर्षी मालकाला कुंपण पाहिजे असतं. एक एकर चौकोनी रान धरा. चारी बाजू मिळून साडेआठशे फुटांच्या आतबाहेर. दहा फुटाला एक पोल म्हटला तर ८४ पोल. सात फुटी, चार बाय चारचा सिमेंट पोल ५० किलोच्या खाली नसतो. म्हणजे नुसते पोलच चार टन, वर काटेरी तारेची बंडलं वायली. छोट्या हत्तीत कायद्याने १५ पोल जातात. एका एकराला सहा खेपा. भाड्यातच माझी मजुरी जायची. खड्डे मारायच्या मशीनसाठी ट्रॅक्टरचं हेड, म्हणजे नुसता ट्रॅक्टर, आधीच घेतलं होतं, त्याला मागं ट्रॉली पाहिजे होती, एवढाच विषय.

दिवाळीपासून ट्रॉल्या बघत हिंडलो. उद्यमबागेत नव्याचे भाव विचारले आणि जुनीच घ्यायची हे तिथंच ठरलं. बघताना सोबत एक पोल आणि टेप घेऊन जायचो, लोक हसायचे. पण त्यामुळं दोन चुका वाचल्या. पहिली, डंपिंगची. सगळे म्हणत होते जॅकची ट्रॉली घे, पुढं विकायला सोपी. खडी-मुरमाला ठीक आहे. सिमेंटचे पोल जॅक उचलून ओतले तर निम्मे मधोमध तडकतात. ते हातानंच उतरायला लागतात, मग जॅकचे पैसे कशाला? दुसरी, फाळक्याची, म्हणजे ट्रॉलीच्या उघडणाऱ्या बाजूची. बऱ्याच ट्रॉल्यांना फक्त मागचा फाळका उघडतो. कुंपणाच्या कामात ट्रॅक्टर आखणीच्या कडेनं सावकाश चालत असतो आणि दर दहा फुटाला एक पोल खाली ठेवायचा असतो. मागनंच काढायचे म्हटलं तर माणूस दर पोलाला आत चढणार, ओढत मागं आणणार, उतरणार. बाजूचे फाळके उघडत असतील तर दोन माणसं खालीच उभी राहून पोल उचलतात. तसंच ट्रॉलीचा तळ जेवढा खाली तेवढं बरं. कमरेपर्यंत असेल तर संध्याकाळी गडी दुसऱ्या दिवशी येतो म्हणतो. छातीपर्यंत असेल तर येत नाही.

चाकं दोन की चार? आमच्या पाणंदीत चार चाकी ट्रॉली मागं घेऊन दाखवावी कुणीतरी. पुढची चाकं फिरती असतात, त्यामुळं रिव्हर्सला हेड एकीकडं, ट्रॉली दुसरीकडं. दोन चाकी पाहिजे तशी वळते आणि तिचा थोडा भार हेडच्या मागच्या चाकांवर येतो, लाल चिखलात तेवढीच पकड. फक्त पोल सगळे मागं रचायचे नाहीत. मागं भार जास्त झाला तर चढावर पुढचा हूक उचलतो आणि हेडच हलकं होतं. हे मी एकदा करून बघितलंय, पुन्हा करणार नाही.

तर अशी ट्रॉली मिळाली. दहा बाय सहा, दोन चाकी, तिन्ही फाळके उघडणारी, टायर अर्धे शिल्लक. बाची ओलांडून महाराष्ट्राच्या हद्दीत, शिनोळीच्या पुढं, एका मामांच्या खळ्यात. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, आता मात्र नात्यासारखेच झालेत, एवढ्या फेऱ्या झाल्या. भाव जमला, चहा झाला, पैसे दिले.

ट्रॉली महाराष्ट्र पासिंगची. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्याकडं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इकडचा नंबर घ्यायला लागतो, हे मला माहीत होतं. त्यासाठी आधी तिकडच्या कचेरीची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, फॉर्म २८. त्यावर चेसी नंबरची पेन्सिल छाप लागते. नंबरावर कागद धरायचा, पेन्सिल आडवी घासायची, आकडे उमटतात. लहानपणी आपण नाण्याची काढायचो तशी. पाच मिनिटांचं काम.

मामांनी ट्रॉली दोनदा रंगवली होती, आधी लाल, मग निळी. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन मी पुढच्या चॅनलवर बसलो. आकडे एकेक करून वर आले, आणि शेवटच्या दोन आकड्यांवर वेल्डिंगचा जाड गोळा. कधीतरी हूकाचा चॅनल तडकला होता आणि मेस्त्रीनं पट्टी मारताना थेट नंबरावरूनच मशीन फिरवलं होतं. मामा म्हणाले, "दहा वर्षं वापरलो, मला कुणी नंबर इचारला न्हाई."

तशीच छाप घेऊन कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसानं कागद उजेडात धरला. "शेवटचे दोन दिसत नाहीत." आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, आहेत की, म्हटलं. "आरसीवर आहेत, लोखंडावर पाहिजेत. उद्या या." दुसऱ्यांदा पातळ कागद नेला, तिसऱ्यांदा कार्बन लावून बघितला. दोन्ही वेळा तेच. अर्ज मामांच्या नावानं, त्यामुळं दर वेळी त्यांना सोबत न्यायचं, त्यांचं दूध घालायचं झाल्यावर निघायचं, पोचेपर्यंत अकरा. खिडकी जेवायला बंद कधी होते ते विचारा, उघडते कधी ते विचारू नका.

मधे मी त्याच वेल्डिंगवाल्या मेस्त्रीकडं गेलो भांडायला. तो हसला. "अण्णा, पंच हायत माझ्याकडं. दोन ठोके मारतो, झालं." खरं सांगतो, त्या दिवशी हात पुढं गेला होता. मार्च संपत आला होता, तीन कामं अंगावर, छोट्या हत्तीचं भाडं रोज जात होतं. पण नंबर आपल्या हातानं मारणं म्हणजे चोरीच्या गाडीचा धंदा, उद्या कुणी विचारलं तर ट्रॉलीही जाणार आणि मीही. नंबर पुन्हा मारायचा असेल तर कचेरीच्या परवानगीनंच. त्या परवानगीचं खिडकीत विचारलं तर उत्तर आलं, आधी साहेबांनी गाडी बघायला पाहिजे. गाडी आणा. शेजाऱ्याचं हेड मागून ट्रॉली नेली. साहेब रजेवर.

एनओसीच्या अर्जाला ३० दिवसांत नकार कळवला नाही तर ती दिली असंच धरायचं, हे कायद्यातच आहे, कलम ४८. मला हे उशिरा कळलं. कळल्यावर छाती काढून गेलो, तर कळलं की आमचा अर्ज दाखलच झालेला नाही. तीन वेळा नुसता खिडकीतून बघून परत दिलेला. म्हणून, अर्ज कसाही असो, आधी आत घ्यायला लावा आणि पोच घ्या. त्रुटी असेल तर लिहून द्या म्हणा. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला जेवायला घातलं असतं.

सुटका केली मामींनी. सहाव्या फेरीहून परत येऊन खळ्यात बसलो होतो, मी तोंड पाडून. मामी चहा ठेवत म्हणाल्या, "तेच्या पुढच्या अंगाला बिल्ला हुता की. खंडेनवमीला मी तेलाच हळद-कुंकू लावत हुतो." पुढच्या फाळक्याच्या खाली, रंगाच्या दोन थरांखाली, खरंच एक चौकोनी उंचवटा होता. ब्लेडनं खरवडला. बनवणाऱ्याची पट्टी, रिबिट केलेली, आणि तिच्यावर पूर्ण चेसी नंबर. कोपऱ्यातल्या रिबिटीत अजून कुंकू अडकलेलं होतं.

पट्टीची छाप आणि चॅनलची छाप, दोन्ही चिकटवून अर्ज पोच घेऊन दाखल केला. आठवड्यानं साहेब भेटले. स्वतः खाली वाकले, बॅटरी मारली, कानशीनं वेल्डिंगचा कोपरा जरा घासायला लावला, तिरप्या उजेडात एक आकडा अर्धा दिसला. पट्टीशी, आरसीशी ताडून बघितलं, सही केली. दोन मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं.

इकडच्या, कर्नाटकातल्या कचेरीत फक्त एकदाच "नाळे बर्री" ऐकलं. उद्या या हे दोन्ही भाषांत सारखंच ऐकू येतं. तपासणी झाली, कर भरला, नंबर मिळाला. इथं एजंट म्हणत होता शेतीसाठी लिहा, खर्च वाचेल. मी धंद्यासाठीच लिहिलं. पोल भरलेली ट्रॉली कुठं कलंडली तर विमावाला पहिला प्रश्न विचारणार, आत काय होतं? आणि विमा नुसत्या हेडचा काढून चालत नाही, पॉलिसीत ट्रॉलीही लिहून घ्या.

एक राहिलंच. आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे काय ते पैसे द्यायच्या आधी बघा. कर्ज फिटलेलं असलं तरी फॉर्म ३५ देऊन तो उतरवल्याशिवाय कागद पुढं सरकत नाहीत. माझ्या बाबतीत बोजा नव्हता, तेवढं नशीब. आणि २० फुटी अँगल दुकानातच कापून घ्या, मागं लाल फडकं बांधून लोंबकळत नेऊ नका. मागच्या फाळक्याला चमकणारी पट्टी मारा. उसाच्या दिवसांत रात्रीच्या ट्रॉल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात.

मे महिन्यात पहिलं काम केलं, काजूच्या बागेचं, दोन खेपांत ८४ पोल. परवा हूकाची रिंग झिजली म्हणून मेस्त्रीकडं गेलो. त्यानं मशीन चालू करायच्या आधी मी चॅनलवर ओलं पोतं टाकलं, आणि काम संपेपर्यंत त्यावर हात ठेवून उभा राहिलो.